पातेले एक, ताटे तीन

तुमच्या पत्राचा सारांश आधी देते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला राहता आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करता. वय ३६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. दोन महिन्यांपासून आठवड्यातले चार दिवस जिमला जाता. पोट कमी व्हावे आणि स्नायू वाढावेत ही इच्छा आहे. पत्नी ३३ वर्षांच्या, वजन ५४ किलो. त्या जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ मॅरेथॉन धावण्याची तयारी करत आहेत. आई ६३ वर्षांच्या, वजन ६० किलो, टाइप २ मधुमेह आहे, आणि घरचा स्वयंपाक मुख्यतः त्याच करतात. जिममधल्या प्रशिक्षकाने ओट्स, उकडलेले चिकन आणि ब्रोकोली असा तक्ता दिला, तीन आठवडे घरात दोन वेगळे स्वयंपाक झाले, आई दमल्या, तुम्हाला ते अन्न गिळवेना, आणि आता तिघांची उद्दिष्टे एकाच स्वयंपाकघरात कशी सांभाळावीत, असे तुम्ही विचारले आहे.

स्वयंपाक एकच करा. बदल करायचा आहे तो शिजवण्याच्या पद्धतीत थोडासा आणि वाढण्याच्या प्रमाणात पुष्कळसा. दादरला गेली बावीस वर्षे आहारसल्ला देताना मी पाहिले आहे की घरातल्या एका माणसासाठी निराळे शिजणारे अन्न फार दिवस टिकत नाही. त्यात त्या माणसाचा निश्चय कमी पडतो असे नसून, सकाळी साडेपाचला उठून तिघांचे डबे भरणाऱ्या व्यक्तीचे हात आणि गॅसच्या शेगड्या कमी पडतात. तुमच्या आईंना येणारा मालवणी स्वयंपाक, म्हणजे मासे, उसळी, पालेभाज्या, भाकरी आणि भात, तुमच्या तिघांच्याही उद्दिष्टांना पुरेसा आहे. त्यात ब्रोकोली नसल्याने कोणाचे काही अडणार नाही.

तुमच्यापासून सुरुवात करू. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २७.६ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानली जाते, आणि पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असा निकष आहे. हे आकडे युरोपीय लोकांसाठीच्या आकड्यांपेक्षा कमी ठेवण्याचे कारण असे की तेवढ्याच वजनाच्या भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट नवजात बालकांपासूनच दिसते हे दाखवून दिले आहे. म्हणून तुमच्या बाबतीत नुसते वजन उतरणे पुरेसे नाही; चरबी उतरताना स्नायू टिकले आणि वाढले पाहिजेत. केवळ पोटाची चरबी निवडून कमी करणारा कोणताही पदार्थ किंवा व्यायाम नाही. गरम पाण्यातल्या लिंबू-मधाने चरबी वितळत नाही, आणि साखरेऐवजी गूळ घातल्याने कॅलरीही वाचत नाहीत.

तुमचे वजन सध्या स्थिर आहे, त्यावरून तुमचा रोजचा खर्च २,२०० ते २,३०० कॅलरींच्या आसपास असावा. त्यातून रोज सुमारे ४०० कॅलरी कमी केल्या, तर आठवड्याला तीनशे ते चारशे ग्रॅम वजन उतरेल. याहून घाई केली तर जिममध्ये उचलायची वजने कमी होऊ लागतील आणि स्नायूही झिजतील. प्रथिनांचे म्हणाल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची सर्वसाधारण प्रौढासाठीची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. मात्र वजने उचलून व्यायाम करणाऱ्या आणि त्याच वेळी कमी खाणाऱ्या व्यक्तीला सुमारे १.६ ग्रॅम लागतात. हा हिशेब तुमच्या आजच्या वजनावर न करता ६८ ते ७० किलोवर करावा, म्हणजे दिवसाला सुमारे ११० ग्रॅम. तुम्ही लिहून पाठवलेल्या आहारात, म्हणजे चहा-बिस्किटे, पोहे, डब्यात चार चपात्या आणि भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री आमटी-भात यात, मला जेमतेम ५० ग्रॅम सापडले. तुमची खरी उणीव इथे आहे.

ती उणीव भरून काढायला प्रशिक्षकाच्या तक्त्याची गरज नाही. न्याहारीला तीन अंडी (१८ ग्रॅम) आणि चाळीस ग्रॅम मुगाच्या डाळीचे एक धिरडे (९ ते १० ग्रॅम). डब्यात चारऐवजी दोन चपात्या, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, भाजी आणि दोनशे ग्रॅम दही, मिळून सुमारे २६ ग्रॅम. संध्याकाळी कार्यालयातून निघण्यापूर्वी मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम, फुटाणे आणि एक पेला दूध, मिळून १४ ग्रॅम. रात्री दीडशे ग्रॅम मासा, आमटी, भाजी आणि थोडा भात, मिळून ३८-३९ ग्रॅम. बेरीज १०७ पर्यंत जाते आणि उष्मांक १,९०० च्या घरात राहतात. सोमवारी किंवा गुरुवारी घरात मासे शिजत नसतील, तर त्या रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा चाळीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. सोयाबीनच्या वड्यांमध्ये शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तेवढी आपल्या वाणसामानातल्या नेहमीच्या दुसऱ्या शाकाहारी जिन्नसांत सापडत नाहीत. प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणू नका. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांनीही स्नायू वाढवण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात असे म्हटले आहे, आणि तुमच्या हिशेबात त्यांची जागाच उरलेली नाही.

संध्याकाळच्या फुटाण्यांविषयी थोडे आग्रहाने सांगते. तुम्ही सहाला निघता आणि कुर्ल्याहून गाडी धरून साडेसातला घरी पोहोचता. दुपारच्या डब्याला तेव्हा सहा-साडेसहा तास झालेले असतात. डोंबिवली स्थानकाबाहेरच्या गाडीवर तुमचे पाय थांबतात ते चवीपेक्षा या अंतरामुळे. वडापाव वाईट म्हणून सोडायचा नाही, तर भूक आधीच भागलेली असावी. आठवड्यातून एकदा मनापासून खाल्लेल्या वडापावाने तुमचे काहीही बिघडणार नाही.

आता तेल. एकदा गिरगावातल्या एका घरी स्वयंपाक पाहण्यासाठी गेले असताना मी त्या बाईंना विनंती केली की, फोडणीचे तेल कढईत न ओतता, नेहमीच्याच अंदाजाने आधी वाटीत ओता. चौघांच्या फ्लॉवरच्या भाजीसाठी ते ५५ मिलिलिटर निघाले. त्या स्वतःच वाटीकडे बघत राहिल्या, कारण आपण दोन-तीन चमचेच तेल घालतो असे त्या मला प्रामाणिकपणे सांगत होत्या. ५५ मिलिलिटर म्हणजे जवळपास पन्नास ग्रॅम, म्हणजे साडेचारशे कॅलरी, आणि अशा दिवसाला दोन भाज्या, एक आमटी आणि चपात्यांवरचे तेल. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, तर पिठात किंवा डाळीत साधारण साडेतीन. त्यामुळे हातातून निसटणारा अंदाज तेलाच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो. तुमच्या घरात यासाठी दोनच गोष्टी करा. बरणीत लांब पळीऐवजी पाच मिलिलिटरचा चमचा ठेवा, आणि तेलाचा डबा उघडाल त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. मार्गदर्शक सूचनांच्या दोन हजार कॅलरींच्या नमुना ताटात तेला-तुपाचे प्रमाण दिवसाला २७ ग्रॅम आहे. तुम्हाला आणि आईंना मी २० सांगेन, पत्नींना २५ ते २७. तिघांचे मिळून महिन्याला दोन किलो होते, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आत. डबा त्याआधी संपला, तर कुठे संपला हे शोधता येईल.

तेल कमी केले की भाजी करपते किंवा कोरडी होते, ही आईंची तक्रार रास्त असेल. त्यावरचा उपाय त्यांना माझ्याहून चांगला माहीत आहे: दोन चमचे तेलात मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, भाजी परतली की कढईवर ताट झाकायचे आणि ताटात पाणी ठेवायचे. आतली वाफ ताटाला लागून थेंबाथेंबाने परत भाजीत उतरते, भाजी स्वतःच्या ओलाव्यात शिजते, आणि लागलेच तर ताटातले ते गरम पाणी चमचाभर आत घालता येते. नॉनस्टिक भांडी आल्यापासून ही रीत मागे पडली. तिच्यासाठी जुनी लोखंडी कढई बाहेर काढलीत तर अन्नात थोडे लोहही उतरेल. बांगडा रवा लावून तव्यावर तळण्याऐवजी आठवड्यातले बहुतेक दिवस तिरफळे घालून तिखले किंवा कालवण करावे. वाटणात मात्र हात आवरावा लागेल: ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३३ ग्रॅम स्निग्धांश असतात. खोबरे निम्मे करून भाजलेला कांदा आणि धणे वाढवले, तर रस तितकाच दाट होतो.

भाकरीविषयी एक गैरसमज तुमच्या पत्रातही दिसला. अधूनमधून चपातीऐवजी भाकरी खाऊ लागलात हे चांगलेच आहे, कारण ज्वारी-नाचणीत तंतू अधिक आणि नाचणीत कॅल्शियमही भरपूर; परंतु भाकरी हलकी म्हणून तुम्ही तीन खाता. घरच्या वजनकाट्यावर एकदा मळण्यापूर्वीचे कोरडे पीठ मोजून पाहा. चपातीला तीस ग्रॅमच्या आसपास लागते आणि हातावर थापलेल्या भाकरीला पन्नास ते साठ. म्हणजे तुमच्या तीन भाकऱ्या पाच-सहा चपात्यांच्या बरोबरीच्या आहेत.

तुमच्या पत्नींविषयी मला तुमच्यापेक्षा अधिक काळजी वाटते. तुम्हाला सोबत म्हणून त्यांनीही रात्रीचा भात सोडला आहे, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. कृपया तो आजच परत सुरू करा. त्यांना वजन कमी करायचे नाही, आठवड्यातून चार दिवस धावायचे आहे, आणि धावण्याचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन, जे कर्बोदकांपासूनच तयार होते. खर्चाच्या मानाने कमी खाऊन धावणाऱ्या स्त्रियांमध्ये आधी थकवा येतो, मग पाळी अनियमित होते, हाडे कमकुवत होतात, आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊन महिनोन्महिने धावणे बंद होते. अशा मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना वाटत होते की आपण शिस्तीने खातो आहोत. पत्नींची पाळी लांबली असेल तर त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.

त्यांना नेहमीच्या दिवशी वजनाच्या किलोमागे चार ते पाच ग्रॅम आणि लांब धावण्याच्या आदल्या दिवशी सहा ते सात ग्रॅम कर्बोदके लागतील, म्हणजे ५४ किलोला अनुक्रमे २१५ ते २७० आणि ३२५ ते ३८० ग्रॅम. त्या रात्री दोन-अडीच वाट्या भात खुशाल असावा, उसळ आणि पालेभाजी मात्र थोडी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात चोथा नको. धावण्यापूर्वी एक केळे. सव्वा तासापेक्षा लांब पल्ला असेल तर पुढच्या प्रत्येक तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके. चार-पाच लहान खजूर किंवा अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे साखर, दोन चिमूट मीठ आणि लिंबू यांतून तीस ग्रॅम मिळतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, म्हणून पाण्याचा अंदाज स्वतःचाच घ्यावा लागतो: धावण्यापूर्वी आणि परत आल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो कमी भरले तर प्यायलेल्या पाण्याखेरीज सुमारे एक लिटर घाम अधिक गेला. वजन वाढलेले दिसले तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायले गेले आहे, आणि तेही धोक्याचे असते. स्पर्धेच्या मार्गातल्या पेडर रोडच्या चढावर पाय जड होतात तेव्हा अनेकदा कमतरता तयारीची नसून त्या आधीच्या तासात न खाल्लेल्या खजुरांची असते. हे सारे प्रयोग डिसेंबरपर्यंत करून घ्यावेत. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीही पोटात जाऊ नये. परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मेतकूट-भात आणि दही, किंवा पोहे आणि दोन अंडी. एरवी मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये, कारण लिंबातले क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते आणि चहा ते अडवतो.

आईंच्या बाबतीत तुम्ही फक्त ‘साखर आटोक्यात राहावी’ एवढेच लिहिले आहे. या वयात त्याच्या जोडीने पायांतली ताकद टिकणे हेही उद्दिष्ट असले पाहिजे, आणि तिला प्रथिने लागतात: मूत्रपिंडांची तपासणी (रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन) ठीक असेल तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे साठ ते पंच्याहत्तर. आता एक प्रश्न विचारते. रात्री माशाच्या तुकड्या वाढल्या जातात तेव्हा आई कधी जेवायला बसतात? आपल्या घरांत स्वयंपाक करणारी बाई शेवटी बसते आणि तिच्या ताटात डोके, शेपूट, उरलेला रस आणि संपवायचा म्हणून संपवलेला भात येतो. मधुमेहासाठी याहून वाईट ताट शोधून सापडणार नाही. त्यांची तुकडी आधी काढून ठेवा, आणि त्यांनी सर्वांबरोबर बसावे. आधी भाजी, कोशिंबीर आणि मासा, मग भाकरी, भात शेवटी. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. नंतर दहा-पंधरा मिनिटे इमारतीच्या आवारात फेऱ्या माराव्यात. संकष्टी-एकादशीला साबुदाण्याऐवजी वरी, राजगिरा, दही आणि शेंगदाण्याची आमटी बरी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; परंतु मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन चालू असताना उपवासाने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून उपवास आणि औषधांची मात्रा दोन्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

म्हणजे एका शनिवारच्या रात्री तुमच्या घरी बांगड्याचे कालवण, चवळीच्या पाल्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, भाकरी आणि भात एवढाच एक स्वयंपाक असेल. तुमच्या ताटात दोन मध्यम बांगडे, रस थोडा, भाजी वाटीभर, कोशिंबीर आणि अर्धी वाटी भात. दुसऱ्या दिवशी सोळा किलोमीटर धावणाऱ्या पत्नींच्या ताटात एक बांगडा, रस भरपूर, दोन-अडीच वाट्या भात आणि नावापुरती भाजी. आईंच्या ताटात एक बांगडा, भाजी आणि कोशिंबीर भरपूर, एक लहान भाकरी. आईंच्या कामात यामुळे वाढ झाली नाही, उलट तव्यावरचे तळण कमी झाले.

रविवारची एक तयारी मात्र तुम्ही स्वतःकडे घ्या: अर्धा किलो मटकी आणि मूग निवडून सकाळी भिजवणे, रात्री फडक्यात बांधणे, आणि सोमवारी सकाळी मोड दिसताच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवणे. आपल्या दमट हवेत बांधलेली मटकी जास्त वेळ बाहेर राहिली तर बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, त्यामुळे ऑफिसला निघण्यापूर्वी हे उरकायला हवे. ती चार दिवस पुरते. त्याच बैठकीत मुगाची डाळ भिजवून वाटून ठेवलीत तर सोमवार-मंगळवारच्या धिरड्यांचे पीठ तयार होते.

मोजमाप आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी. वजनाबरोबर बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर आणि जिममधल्या वजनांची नोंदही वहीत असावी. पहिल्या दोन आठवड्यांतील चढउतारांवर काही ठरवू नका, त्यांत पाणी आणि मीठच अधिक असते. चार आठवड्यांनी घेर उतरत असेल आणि उचललेली वजने वाढत असतील, तर काटा जागेवर राहिला तरी काहीही बदलू नका. घेर आणि काटा दोन्ही हलले नाहीत, तर आधी तेलाच्या डब्यावरची तारीख पाहा. ती बरोबर असेल तर डब्यातली एक चपाती कमी करा, अंडी आणि उसळ तशीच ठेवा, आणि त्यापुढच्या तीन आठवड्यांच्या नोंदींसह मला पुन्हा लिहा. आईंचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) आणि क्रिएटिनिन, आणि पत्नींचे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व बी-१२ यांचे अहवालही तेव्हा सोबत पाठवा.